मानाची जागा
(मंडळाच्या रसास्वाद कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा संक्षेप)



मी चित्रकार नाही, समीक्षकही नाही. शासकीय कागदपत्रांत आयुष्य गेलेल्या एका रसिकाचे हे चार शब्द आहेत. विषय आहे रोझा बोनर या फ्रेंच चित्रकर्तीचे ‘निव्हर्ने प्रांतातील नांगरट’ हे १८४९ सालचे तैलचित्र. मूळ चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. येथे ठेवलेली प्रतिकृती लहान आहे. मूळ चित्राची रुंदी अडीच मीटरांहून अधिक आहे, हे ध्यानात घेऊन ती पाहावी.

प्रथमदर्शनी चित्र साधे वाटते. स्वच्छ आकाश, मागे झाडीने भरलेली टेकडी, आणि एकामागून एक चाललेली दोन औते. प्रत्येकाला सहा-सहा बैल. हिवाळ्यापूर्वीची ही पहिली नांगरट. जमीन उलथून तिला थंडीवारा लागू द्यावयाचा. काळ्या रानातला सहा बैली नांगर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही.

आता यात माणसे शोधा. ती आहेत, परंतु बैलांच्या आड. त्यांचे चेहरे नीट दिसतही नाहीत. उलट एक बैल थेट आपल्याकडे पाहतो आहे. आणि चित्राच्या अगदी पुढील भागात, जेथे दुसऱ्या एखाद्याने सुंदर गोपकन्या उभी केली असती, तेथे बोनरबाईंनी नुसती उलथलेली ढेकळे ठेवली आहेत. मानाची जागा कोणाला द्यावयाची, हा चित्रकाराचा मोठा निर्णय असतो. ती त्यांनी राबणाऱ्या जनावराला आणि मातीला दिली. ग्रामीण चित्र म्हणजे निवांत विसावा, ही समजूत येथे गळून पडते.

हा अधिकार बाईंनी श्रमानेच मिळविला होता. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत स्त्रियांना १८९७ पर्यंत प्रवेश नव्हता. वडिलांच्या हाताखाली त्या शिकल्या. जनावरांची शरीररचना अभ्यासण्यासाठी कत्तलखान्यांत आणि गुरांच्या बाजारांत हिंडल्या. तेथे वावरताना पुरुषी पोशाख सोयीचा. पण त्यासाठी पोलिसांचा परवाना लागे. १८५७ सालचा त्यांचा असा परवाना उपलब्ध आहे. मुदत सहा महिने! परवान्यांचे असंख्य कागद मी हाताळले. इतका विलक्षण कागद माझ्या पाहण्यात नाही. मात्र न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की प्रस्तुत चित्र फ्रेंच शासनानेच त्यांच्याकडून काढून घेतले होते. पुढे १८६५ साली ‘लीजन ऑफ ऑनर’ हा सन्मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री-कलावंत ठरल्या.

मित्रहो, आपण परप्रांतात राहणारी माणसे. गावाचे एक चित्र प्रत्येकाने मनाशी जपले आहे आणि तेच आपण मुलाबाळांना सांगतो. त्यात आमराई असते, ओढा असतो, पोळ्याला सजविलेले बैल असतात. पण सण एका दिवसाचा. उरलेले वर्ष मानेवर जू असते. आपल्या सांगण्यात ते जू येते काय? ती ढेकळे येतात काय? आणि त्या रानात आपल्या आया-आजींनी उपसलेले कष्ट येतात काय?

गावाची आठवण गोड असावी, याविषयी दुमत नाही. परंतु त्या आठवणीत मानाची जागा कोणाला दिली, एवढे मात्र प्रत्येकाने स्वतःशी एकदा तपासावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.