पट्टीवरची रेघ



मी बी.ए., बी.एड. झालेला भाषेचा मास्तर. जिवाणूंवर बोलतो आहे, तेव्हा सांभाळून घ्यावे.

आमच्या भामरागडला ताप आला की आशाताई बोट टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घेतात. पाव तासात दुसरी रेघ उमटली की मलेरिया. ही रेघ कशाची? मलेरियाच्या परजीवीने रक्तात सोडलेल्या प्रथिनाची. म्हणजे प्रथिनावरून शत्रू ओळखण्याची विद्या आपल्या दारी केव्हाच आली आहे.

जिवाणूही औषधाला दाद देत नाहीत, ते पुष्कळदा एखाद्या प्रथिनाच्या जोरावर. पेनिसिलिनचा सर्रास वापर सुरू होण्यापूर्वीच, 1940 साली, अब्राहम आणि चेन यांना ते निकामी करणारे विकर जिवाणूंत सापडले होते. विकर हे प्रथिनच. 2009 साली अशाच एका विकराला ‘एनडीएम-1’ हे नाव मिळाले. त्यातली पहिली दोन अक्षरे नवी दिल्लीची! मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी 2010 साली प्रसिद्ध केले की, कार्बापेनेम या राखीव औषधांना न जुमानणाऱ्या 24 नमुन्यांपैकी 22 मध्ये त्याचे जनुक होते.

नेहमीच्या तपासणीत आधी जिवाणू वाढवायचे, मग औषधाच्या चकत्यांभोवती त्यांची वाढ थांबते का ते पाहायचे. यात दोन-तीन दिवस जातात. वाढलेले जिवाणू पट्टीवर घातले, तर एनडीएमसारखे विकर पाव तासात रेघेने कळते. मोठ्या प्रयोगशाळांत रेणूंचे वजन करणारे यंत्र असते. विकराने असे औषध फोडले की त्याला पाण्याचा रेणू जोडला जातो, वजन 18 ने वाढते आणि चोरी उघडी पडते. मात्र पट्टी ठरावीक विकरेच ओळखते. रेघ नाही म्हणून औषध लागू पडेलच, असे नाही.

मी हे सारे वाचू लागलो त्याचे कारण घरचेच. एका पावसाळ्यात माझ्या मुलीच्या पायाची जखम चिघळली. पर्लकोटेला पूर, रस्ता बंद. कपाटात कधीच्या उरलेल्या चार कॅप्सूल होत्या. दोन दिल्या, ताप उतरला, म्हणून दोन परत ठेवून दिल्या. आठवड्याने जखम पुन्हा वाहू लागली. डॉक्टरांनी पू तपासायला घेतला आणि विचारले, “मास्तर, आधी काय दिले होते?” पाकिटाची नावाची बाजू फाटलेली, मला सांगता येईना. अहवाल चौथ्या दिवशी आला. लागू न पडणाऱ्या औषधांची यादी दुसऱ्या यादीहून मोठी होती. ते चार दिवस तिची अम्मी झोपली नाही.

मुलगी बरी झाली. आज ती समोरच बसली आहे. ते पाकीट मी बरोबर आणले आहे. आत दोन कॅप्सूल अजून आहेत. कार्यक्रमानंतर विद्यार्थ्यांनी जरूर पाहावे.