भट्टीची भिंत

ऑगस्ट १९५५. जिनिव्हाच्या अणुपरिषदेचे अध्यक्ष होते होमी भाभा. येत्या दोन दशकांत संमीलन ऊर्जा, म्हणजे हलकी अणुकेंद्रं जोडून मिळणारी ऊर्जा, काबूत आणण्याची रीत सापडेल, असं त्यांनी तिथं सांगितलं. ती वीज अजून घरात आलेली नाही.

अडचणी अनेक, पण संमीलन भट्टीच्या भिंतीबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ड्युटेरियम आणि ट्रिटियम ही हायड्रोजनची दोन जड रूपं एकत्र आली की १४.१ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचा न्यूट्रॉन सुटतो. अणू फोडणाऱ्या विखंडनातल्या न्यूट्रॉनची सरासरी जेमतेम २ दशलक्ष. हा वेगवान पाहुणा पोलादातले अणू जागचे हलवतो, शिवाय काही अणुकेंद्रांतून हेलियम मोकळा करतो. त्याचे बुडबुडे आत साचले की पोलाद फुगतं, ठिसूळ होतं.

हे आधी तपासायचं कुठं? ट्रॉम्बेच्या भाभा केंद्रातलं 'पूर्णिमा' न्यूट्रॉन जनित्र याच ऊर्जेचे न्यूट्रॉन देतं. मोजमापांना ते उत्तम, पण वर्षानुवर्षांची झीज दाखवायला मारा अपुरा. म्हणून स्पेनमध्ये ग्रानादाजवळ 'डोन्स' हे चाचणी केंद्र उभारलं जातंय. तिथं ४० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचे ड्युटेरॉन, म्हणजे ड्युटेरियमची अणुकेंद्रं, द्रवरूप लिथियमवर आदळून न्यूट्रॉन सोडवतील. झोताची शक्ती ५ मेगावॅट! एवढ्या उष्णतेपुढे घन लक्ष्य टिकायचं नाही, म्हणून लिथियम सतत वाहतं ठेवायचं. भारतानंही संमीलन भट्टीसाठी खास पोलाद घडवलंय. त्यात कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राचा मोठा वाटा आहे.