वंगणाचा ड्रम आणि नवतप्याचे ऊन



वसंत व्याख्यानमालेत कोणी संतवाङ्मयावर बोलतो, कोणी राज्यघटनेवर. मला आज वंगणावर बोलायचे आहे. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि गिरण्यांच्या आवारांत पुष्कळ झाले, तेव्हा विषयही आवारातलाच निवडला. तो हलका आहे असे मात्र कोणी समजू नये. वंगणाचा ड्रम कुठे ठेवला, यावर आमच्या एखाद्या माणसाचा महिन्याचा पगार अवलंबून असतो.

वंगण आपल्याला नवे नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या बंडीखाली वंगणाचा बांबूचा नळा लोंबत असे. तो बंडीच्या सावलीत राही आणि त्याचे तोंड बुजवलेले असे. सावली आणि झाकण या दोन गोष्टी बंडीवाल्याला कळत होत्या. गोंदियाच्या भातगिरण्यांत यंत्रे आली, एलिव्हेटर आले, बेअरिंगे आली, आणि नेमक्या या दोन गोष्टी मागे पडल्या. कोणत्याही गिरणीच्या मागच्या अंगाला जाऊन पाहा. तुसाच्या ढिगाशेजारी, भर उन्हात, तेलाचे ड्रम उभे दिसतील.

त्यात बिघडते काय? ड्रम तर लोखंडाचा आणि बूच घट्ट लावलेले! इथेच खरी गोम आहे. तेल तापले की फुगते. दर अंशाला साधारण दहा हजारांत सात भाग. नवतप्यात आपल्याकडे सावलीतच पारा 45 अंशांपर्यंत जातो, मग उन्हातल्या पत्र्याचे काय सांगावे? रात्री आणि दिवसा मिळून आतल्या तेलात 30 अंशांचा फरक पडला, तर 200 लिटरच्या ड्रममधले तेल सुमारे चार लिटर फुगते आणि रात्री तितकेच आकसते. म्हणजे ड्रम श्वास घेतो. दिवसा आतली हवा बुचाच्या आट्यांतून बाहेर ढकलतो आणि रात्री बाहेरची ओढून घेतो. आता मृगाची पहिली सर आठवा. तापलेल्या पत्र्यावर पाणी पडते, ड्रम एकदम थंड होतो, आतून ओढ बसते. उभ्या ड्रमच्या वरच्या कडेच्या आत तर पाण्याचे तळेच साचलेले असते, आणि दोन्ही बुचे त्या तळ्यात. बाकीचे तुम्हीच समजून घ्या.

पाणी किती शिरले म्हणजे घात होतो? दहा हजार भाग तेलात एक भाग पाणीसुद्धा बेअरिंगचे आयुष्य घटवते. 200 लिटरांत हे पाणी 20 मिलिलिटर भरते, म्हणजे चहाचे चार चमचे. जास्त पाण्याने तेल दुधाळ होते आणि डोळ्यांना दिसते. थोडे असले तर दिसत नाही. जुने मिस्त्री तापलेल्या पत्र्यावर एक थेंब टाकून पाहतात. तडतडला तर पाणी आहे. ही परीक्षा खरी आहे, फक्त तोंड लांब ठेवून करावी.

आता पगाराची गोष्ट. एका गिरणीत एलिव्हेटरचे बेअरिंग जळाले. तेल घालणाऱ्या गड्याने हयगय केली असे ठरले आणि त्याच्या पगारातून किंमत कापण्याचा हुकूम निघाला. आम्ही आवारातला ड्रम आडवा करून तळाचे तेल काचेच्या बाटलीत काढले आणि बाटली कचेरीत टेबलावर ठेवली. तळाशी दोन बोटे पाणी! गड्याने तेल वेळेवरच घातले होते. ते तेल उरले नव्हते, एवढेच. 1936 च्या वेतन कायद्यातही अशी कपात करण्यापूर्वी कामगाराचे म्हणणे ऐकून घेण्याची अट होती आणि 2019 च्या वेतन संहितेतही ती आहे. पण नुसते ऐकून घेऊन भागत नाही, सांगायला काही असावे लागते. म्हणून मी आमच्या पोरांना कायद्याच्या कलमांबरोबर बुचाचीही माहिती देतो.

उपाय खर्चाचा नाही. ड्रम छपराखाली ठेवावा. आडवा ठेवायचा तर दोन्ही बुचे एका आडव्या रेषेत यावीत, घड्याळात तीन आणि नऊ असतात तशी. मग दोन्ही बुचे आतून तेलात बुडलेली राहतात आणि हवा ओढली जात नाही. छप्पर नसेल आणि उभाच ठेवणे भाग असेल, तर एका बाजूला वीट सरकवून तो कलता ठेवावा, बुचे साचलेल्या पाण्याच्या वर राहतील असा. आधी आलेला ड्रम आधी उघडावा. तेल काढायचे भांडे झाकणाचे असावे; कोंड्याची धूळ उघड्या डब्यात पडू द्यायची आणि तेच तेल बेअरिंगला द्यायचे, म्हणजे वंगण म्हणून कानस फिरवण्यासारखे आहे.

ग्रीसची तऱ्हा निराळी. उन्हाने त्यातले तेल सुटून वर येते. थोडे सुटले तर बिघडत नाही. पण डब्यात खड्डा पाडून ग्रीस काढले की त्या खड्ड्यात तेल झरत राहते. म्हणून काढल्यावर वरचा थर सपाट करावा. आणि पिवळे ग्रीस संपले म्हणून त्यात निळे मिसळू नये. दोन जातींची ग्रीसे एकत्र आली की पुष्कळदा पातळ होऊन वाहून जातात.

हमालांसाठी एक शब्द. भरलेला ड्रम दोनशे किलोच्या घरात जातो. तो ट्रकवरून जुन्या टायरवर टाकण्याची आपल्याकडे रीत आहे. त्याने शिवण उसवते, आणि ड्रम उसळून पायावर आला तर पाय जातो. दोन फळ्या आणि एक दोर मागण्यात लाज कसली? 1969 चा माथाडी कायदा ज्या राज्यात झाला, त्या राज्यात दोन फळ्यांसाठी भांडावे लागते, याचे मला नवल वाटते. चालू यंत्राला तेल देणाऱ्याने अंगासरशी कपडे घालावेत आणि ते मालकाने पुरवावेत, असे 1948 च्या कारखाने कायद्याच्या 22 व्या कलमात होते. आता नव्या संहिता आल्या आहेत. पट्टा मात्र पूर्वीसारखाच फिरतो आणि धोतराचा सोगा पूर्वीसारखाच ओढतो.

शेवटी रिकामा ड्रम. तो घरी नेऊन त्यात पाणी भरतात, तांदूळ भरतात. 1959 साली मोरोक्कोतल्या मेकनेस शहरात व्यापाऱ्यांनी विमानाच्या इंजिनाचे जुने वंगण खाण्याच्या तेलात मिसळून विकले. सुमारे दहा हजार माणसे लुळी पडली. आपल्या ड्रममध्ये नेमके तेच विष असेल असे मी म्हणत नाही, पण कोणते आहे हे ड्रमवरून कळत नाही, आणि राखेने घासून ते निघत नाही. गॅसने तो कापायला घेणाऱ्याने तर आत कोंडलेल्या वाफेचा विचार करावा. ड्रम स्फोट होऊन फुटतो. यंत्रातून काढलेले काळे तेल बैलाच्या जखमेला लावणारे शेतकरी मी पाहिले आहेत. तेही थांबवावे. ते तेल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते आणि परवाना असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यायचे असते.

मृगाला आता थोडेच दिवस उरले आहेत. उद्या सकाळी कामावर जाल तेव्हा गिरणीच्या मागच्या अंगाला एक फेरी मारून या, आणि ड्रम उभे दिसले तर मुकादमाला सांगून पावसाआधी छपराखाली घ्यायला लावा.