पैसा आला, लेखाशीर्ष कुठं आहे?

अध्यक्षांनी ‘नगरपालिकेचे निवृत्त लेखापाल’ म्हणून माझी ओळख करून दिली, तेव्हा मागच्या दोन रांगांनी घड्याळं पाहिली. (हशा) पाहा, खुशाल पाहा. लेखापालाला एकच गोष्ट कळते: ज्या रकमेला लेखाशीर्ष नाही, ती वाऱ्यावर. आज तेवढंच सांगणार आहे, फक्त अमेरिकेच्या खर्चानं. (हशा)

१९९८चा तंबाखू करार आपल्याला ठाऊक आहेच. ४६ राज्यं, चार बड्या सिगारेट कंपन्या, पहिल्या २५ वर्षांत २०,६०० कोटी डॉलर. धूम्रपानाच्या आजारांपायी सरकारी तिजोरीला बसलेल्या भुर्दंडाची ही भरपाई. सह्या राज्यांच्या, पण त्यांच्याबरोबर खालच्या काउंट्यांचे, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांचे, आणि शहरांचे दावेही निकालात निघाले. गरीब रोगी मात्र कित्येक ठिकाणी काउंटीच्याच इस्पितळात पडलेला!

कॅलिफोर्नियातली मंडळी जागी होती. सॅन फ्रान्सिस्कोनं १९९६ सालीच स्वतःचा दावा ठोकला होता. तिथं वाटणी ठरली ती अशी: निम्मे राज्याला, ४५ टक्के ५८ काउंट्यांना, ५ टक्के चार शहरांना. सॅन फ्रान्सिस्को काउंटीही आहे आणि शहरही, म्हणून तिला दोन्हीकडून वाटा. (‘दोन रेशनकार्डं!’ – एक श्रोता. हशा)

बरं, त्या पैशाचं केलं काय? तिथं लागुना होंडा नावाचं इस्पितळ आहे. १८६६ साली गरिबांसाठी काढलेल्या आश्रमातून वाढलेलं. लांबलचक दालनं, खाटांच्या रांगा, आडोसा म्हणून पडदे. १९९९ साली नगरवासीयांनी मतदान करून २९.९ कोटी डॉलरच्या रोख्यांना मंजुरी दिली आणि तंबाखूचा पैसा या इस्पितळाच्या कामाला बांधून टाकला. नवी इमारत २०१० साली उघडली. याला म्हणतात लेखाशीर्ष! हसू नका, मी निवृत्त असलो तरी शीर्ष निवृत्त होत नाही. (हशा, टाळ्या)

आता न्यूयॉर्क राज्यातली नायगारा काउंटी. तंबाखूच्या पैशातले सात लाख डॉलर गेले सार्वजनिक गोल्फ मैदानाच्या तुषारसिंचनाला. कर्करोग्याच्या नावानं आलेला पैसा आणि हिरवळीवर पाणी! बेकायदा? मुळीच नाही. पैसा कशावर खर्चायचा, ते करारात बांधलेलंच नव्हतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं? रोख्यांचा अख्खा भाग राहिलाय, तो उभ्या उभ्या सांगतो. पुढचे हप्ते गहाण टाकून अनेकांनी आधीच कर्ज उचललं. प्रोपब्लिका या शोधपत्रकारितेच्या संस्थेनं २०१४ मध्ये हिशेब मांडला: एका जातीच्या रोख्यांतून हाती आले सुमारे ३०० कोटी डॉलर, फेडायचे ६,४०० कोटी. त्यात हप्ता ठरतो सिगारेटींच्या खपावर. लोकांनी सिगारेट सोडली की रोखेवाल्यांचे धाबे दणाणतात.

हो, हो, बसतो. एकच सांगून. २०२१ साली अफूजन्य वेदनाशामकांच्या खटल्यांत २,६०० कोटी डॉलरची तडजोड झाली. तिच्यात अट आहे, किमान ८५ टक्के रक्कम त्या औषधांच्या व्यसनाच्या निवारणावरच खर्चायची. ती एक ओळ लिहायला २३ वर्षं लागली.