पंचांनी कारण सांगावं



31 मे 2023 च्या रात्री बुडापेस्टच्या पुश्काश अरेनात युरोपा लीगची फायनल झाली, सेव्हिया विरुद्ध रोमा. पूर्वार्धात डिबालाने रोमाला आघाडी मिळवून दिली. उत्तरार्धात रोमाच्याच मान्चिनीकडून स्वयंगोल झाला. 1-1 वर अडलेला सामना सेव्हियाने पेनल्टी शूटआउटमध्ये 4-1 असा जिंकला. हरलेले पाठीराखे मात्र बोटं मोडत होते ती इंग्लिश रेफरी अँथनी टेलर यांच्या नावाने.

तक्रार काय होती? उत्तरार्धाच्या अखेरीस सेव्हियाच्या फर्नांडोच्या हाताला चेंडू लागला, तरी पेनल्टी मिळाली नाही. व्हीएआरच्या, म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णय तपासणाऱ्या, पंचांनी तो प्रसंग तपासला आणि खेळ पुढे चालू राहिला. त्यात डझनाहून जास्त पिवळी कार्डं निघालेली. रोमाचे प्रशिक्षक जोझे मोरिन्यो यांनी पार्किंगमध्ये रेफरींना अर्वाच्य शिव्या दिल्या. पुढे त्यांच्यावर चार सामन्यांची बंदी आली. दुसऱ्या दिवशी तर विमानतळावर टेलर कुटुंबासह निघाले असताना जमावाने त्यांना घेरलं, त्यांच्या दिशेने खुर्ची भिरकावली. याचं समर्थन कुणीच करू नये.

आता दुसरी बाजू पाहा. याच सामन्यात टेलर यांनी सेव्हियाला एक पेनल्टी दिली होती आणि पडद्यावर प्रसंग पुन्हा पाहून ती मागेही घेतली होती. म्हणजे एक निर्णय रोमाच्या पथ्यावर पडला होता. पण हरलेल्याच्या खतावणीत जमेची बाजू कोण लिहितो?

हा राग जुना आहे. 1975 साली पॅरिसमध्ये युरोपियन कपच्या फायनलमध्ये लीड्सच्या लॉरिमरने मारलेला गोल ऑफसाइडमुळे रद्द झाला आणि बायर्न म्युनिक 2-0 ने जिंकलं. लीड्सच्या प्रेक्षकांनी खुर्च्या उखडून फेकल्या. क्लबवर युरोपात बंदी आली. तरीही आपणच युरोपचे विजेते, असं गाणं लीड्सचे पाठीराखे आजही गातात. नातवंडांनाही ते पाठ असतं.

तेव्हा कॅमेरे कमी होते. आता प्रत्येक कोपऱ्यात कॅमेरा आहे, तरी राग तेवढाच. मला याचं एक कारण दिसतं: निर्णय कळतो, त्यामागचा विचार कळत नाही. आपल्या क्रिकेटमध्ये तिसरा पंच बोलत बोलत निर्णयाकडे येतो. बॅटला कड लागली का, चेंडू कुठे पडला, हे आपण घरबसल्या ऐकतो. निर्णय पटला नाही तरी पंच कसा तिथवर पोचला ते समजतं.

फुटबॉलने या दिशेने पाऊल टाकलं आहे. 2023 च्या महिला विश्वचषकात रेफरींनी व्हीएआरच्या रिव्ह्यूनंतरचे निर्णय माइकवरून स्टेडियमला सांगितले. पण त्यात एक मोठी फट राहिली. व्हीएआरच्या खोलीत तपासून तिथेच सोडून दिलेल्या प्रसंगाबद्दल तेव्हा अशी घोषणा होत नव्हती. फर्नांडोचा हात नेमका याच फटीत अडकला असता. बुडापेस्टमध्ये माइक असता तरी रोमावाल्यांना काही ऐकू आलं नसतं.

म्हणून मागणी करायची तर हीच करावी: ‘काही नाही, खेळ चालू ठेवा’ असं ठरवणाऱ्यांनीही त्याचं कारण दोन वाक्यांत सांगावं. पाठीराखे तेव्हाही चिडतील. पण मग वाद घालायला त्यांच्या हाती निदान ते कारण तरी असेल.