धुराचें देणें

शेजाऱ्याच्या चुलीचा धूर आपल्या घरांत येऊं लागला, तर आपण प्रथम त्यास विनंति करतों आणि ती न मानल्यास दाद मागतों. परंतु शेजारी हें एक स्वतंत्र राष्ट्र असेल, तर दाद कोणापाशीं मागावयाची? हा प्रश्न कॅनडांतील ट्रेल या गांवच्या कारखान्यानें उपस्थित केला. तेथें शिसें व जस्त गाळतांना निघणारा गंधकयुक्त धूर सरहद्द ओलांडून अमेरिकेंतील शेतांची नासाडी करीत होता. उभय देशांनीं नेमिलेल्या लवादानें १९३८ सालीं भरपाई देवविली, आणि १९४१ च्या अंतिम निवाड्यांत सांगितलें कीं, धुरानें परमुलुखाची गंभीर हानि होईल अशा रीतीनें आपली भूमि वापरण्याचा अधिकार कोणत्याहि राष्ट्रास नाहीं.

श्रोतेहो, ट्रेलचा न्याय सोपा होता. धुराडें एक होतें आणि शेतेंहि ठाऊक होतीं. आज पृथ्वी तापविणारा कर्बवायु साऱ्या जगाच्या हवेंत मिसळतो, आणि त्याचा मोठा अंश शतकानुशतकें तेथेंच राहतो. शंभर वर्षांपूर्वीं युरोपांत जळालेल्या कोळशाचा परिणाम आज चढत्या समुद्राच्या रूपानें तुवालूसारख्या चिमुकल्या बेटांस भोगावा लागत आहे. मग कोणीं किती भार उचलावा?

१९९२ सालीं रिओ येथें सह्यांसाठीं मांडलेल्या हवामानविषयक करारानें याचें सूत्र घातलें: जबाबदारी समाईक, परंतु भिन्न, आणि ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणें. एकत्र कुटुंबांतील कर्ज सर्वांचें असतें. पण त्या पैशांनीं ज्यानें माडी बांधिली, त्यानें फेडीस प्रथम पुढें व्हावें, असेंच कोणीहि शहाणा पंच सांगेल. कोळसा, तेल वगैरे जाळून आजवर जगानें सोडिलेल्या कर्बवायूचा सुमारें चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे.

सूत्र सोपें, अंमल मात्र अवघड. १९९७ च्या क्योटो करारानें केवळ प्रगत राष्ट्रांवर बंधनकारक आंकडे घातले; अमेरिकेनें त्यास मान्यता दिली नाहीं, आणि कॅनडानें २०११ सालीं अंग काढून घेतलें. २०१५ च्या पॅरिस करारानें प्रत्येक राष्ट्रानें आपला वांटा आपणच ठरवावा असें योजिलें. ऋणकोनेंच खतावणी लिहावी, असा हा प्रकार झाला.

म्हणून वानुआतू या बेटराष्ट्राच्या पुढाकारानें हा प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढें गेला. २३ जुलै २०२५ रोजीं न्यायालयानें एकमतानें अभिप्राय दिला: वांटा ठरविण्याचें स्वातंत्र्य अमर्याद नाहीं, हानि टाळण्यासाठीं कसोशीनें झटणें हें राष्ट्राचें कायदेशीर कर्तव्य आहे, आणि कर्तव्यभंग व हानि यांचा कार्यकारणसंबंध सिद्ध झाल्यास भरपाईहि द्यावी लागेल. हा अभिप्राय बंधनकारक नाहीं. परंतु पुढील वादांत त्यास डावलणें कठीण जाईल.

आपणांसहि यांत बोध आहे. हिंदुस्थानांत दर माणशीं कर्बवायूचें प्रमाण वर्षास सुमारें दोन टन, तर अमेरिकेंत सुमारें चौदा टन. तेव्हां सवलतीचा आपला दावा न्याय्य आहे. पण एकूण प्रमाणांत आपला देश तिसरा आहे, आणि राष्ट्राचा प्रगत वा विकसनशील हा दर्जा कायमचा नसतो, असेंहि न्यायालयानें म्हटलें आहे. आज ज्या तत्त्वाच्या आधारें आपण इतरांकडे मागणी करतों, त्याच तत्त्वानें उद्यां आपल्याकडेहि मागणी होईल. त्या दिवसाची तयारी आजपासून करणें हें न्यायाचें, आणि आपल्या हिताचेंहि आहे.