बर्फ, वेगवान गाडी आणि चाकाखालचं रबर

1986 साली ऑडीच्या एका जाहिरातीत मोटार फिनलंडमधल्या कायपोला इथला स्की-उडीचा बर्फाळ चढ चढून गेली. चारही चाकांना ताकद पुरवणाऱ्या ‘क्वाट्रो’ यंत्रणेची ती करामत. पण त्या गाडीच्या टायरांना खिळे बसवले होते, हे फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. मला तेच महत्त्वाचं वाटतं.

कारण चारही चाकं फिरली की गाडी बर्फातून झटकन निघते. पण थांबायचं असेल तर? ब्रेक दाबल्यावर गाडी महागडी असो की साधी, रस्ता धरतं ते फक्त रबर. वेगवान गाड्यांचे उन्हाळी टायर पारा साधारण 7 अंशांखाली गेला की कडक होऊ लागतात. शिवाय ते रुंद, त्यामुळे भुसभुशीत बर्फात खाली रुतून पकड घेण्याऐवजी वरच तरंगतात. हिवाळी टायरवर बोट फिरवून पाहा. रबर मऊ लागतं, त्यावर बारीक नागमोडी चिरा दिसतात. त्या चिरांत बर्फ अडकतो, आणि बर्फच बर्फाला धरून ठेवतो.

जर्मनीत रस्त्यावर बर्फ असताना असे टायर सक्तीचे आहेत. त्यांवर पर्वत आणि हिमकणाचं चिन्ह लागतं. तिथे नव्याने गेलेल्या मराठी मंडळींनी तिथलाच एक आडाखा लक्षात ठेवावा: ऑक्टोबर ते ईस्टर, हिवाळी टायर. काचेसारख्या गोठलेल्या रस्त्यावर मात्र तेही घसरतात. तिथे वेग अगदी कमी हवा, स्टिअरिंग हळुवार फिरवायला हवं, आणि पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त अंतर.